गोड का तिखट?

भुलाबाईची गाणी संपली की ज्या घरी आम्ही जमलेल्या असू, त्या घरची बाई आतून एक झाकलेला डबा आणून मधोमध ठेवायची. आमच्या अमरावती जिल्ह्यात भाद्रपदातल्या पौर्णिमेला मातीचे भुलाबाई-भुलोजी घरोघर बसतात आणि कोजागिरीला उठतात. तो महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही पोरी टिपऱ्या घेऊन गल्लीतल्या प्रत्येक घरी जायचो. गाणी झाली की खाऊ. पण खाऊ असा सहजासहजी हातावर पडत नसे, आधी तो ओळखावा लागे.

डबा हातोहात फिरायचा. प्रत्येक जण तो हलवून कानाशी न्यायची. मुरमुऱ्यांचा आवाज हलका आणि कोरडा. फुटाण्यांचा टणक. शेंगदाण्यांचा फुटाण्यांच्या जवळपासचा, पण जरा बोदा. करंज्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकतात, उड्या मारत नाहीत. दुसऱ्या घरी गाणी असली की माझी माय तिथल्या चुलीपाशी बसलेली असायची आणि तिथूनच सांगायची, "फुटाणे हायेत, अन् संगं गुळाचा खडा हाये." झाकण काढलं की फुटाणे आणि गुळाचा खडा. मला लहानपणी वाटायचं, माय भिंतीपलीकडचंही ऐकत असेल.

पण काही घरच्या पोरी हुशार होत्या. त्या न वाजणारा खाऊ ठेवायच्या. शिरा, नाहीतर डब्याच्या तळाला थापून बसवलेल्या वड्या. एकदा एकीनं पिकलं केळ कापून ठेवलं होतं. असा डबा कितीही हलवा, मुका. तेव्हा मायलाही कळायचं नाही. ती म्हणायची, "हालवून नाई कळत तं इचारा ना वं."

मग विचारणं सुरू व्हायचं. गोड का तिखट? तळलेलं का भाजलेलं? चुलीवर झालं का बिनचुलीचं? डब्यात काय आहे, असं थेट विचारायची सोय नव्हती. तसं कोणी विचारलं की सगळ्या हसायच्या, कारण त्याला उत्तर द्यायचंच नसे. छोटंच विचारायचं, एका शब्दात उत्तर देता येईल एवढं. चार-पाच प्रश्नांत केळ सापडायचं.

हा खेळ मी पन्नाशीला आल्यावर लिहिते आहे, कारण गेली चौदा वर्षं मी आशा म्हणून काम करते आहे आणि माझा दिवस माणसांच्या दारात जातो. गरोदर बाईची नोंद, लेकराचं लसीकरण, म्हाताऱ्याची बीपीची गोळी. घरात जाते, खाटेवर बसते, चहा पिते, रजिस्टर भरते. माणसं विचारलं ते सगळं सांगतात. किती दिवस ताप होता, पाळी कधी आली, शेवटचं लेकरू किती महिन्यांचं होऊन गेलं, सगळं. आणि मी उठून दाराशी पोचले की मागून आवाज येतो, "ताई, एक गोष्ट इचारू का?"

मधला अर्धा तास त्या एका वाक्यासाठी गेलेला असतो. बाई दाराच्या कडीशी चाळा करत उभी असते. पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. कधी ती विचारते. कधी म्हणते, "जाऊ द्या, काई नाई." नवीन असताना "काई नाई" ऐकलं की मी चालू लागायचे. आता तिथंच दारात पाच मिनिटं उभी राहते. पावसाचं बोलते, तुरीचं बोलते. पुष्कळदा गोष्ट तिथं, उभ्यानं, अर्धं तोंड रस्त्याकडे करून सांगितली जाते. बसून, डोळ्यांत डोळे घालून सांगण्यासारख्या त्या गोष्टीच नसतात.

मराठीत मनातली गोष्ट पोटात ठेवतात. "पोटात ठेव" म्हणतो आपण, ओठांवर एक आणि पोटात एक म्हणतो. शहाण्या माणसाच्या पोटात गोष्ट राहते, उथळ माणसाच्या राहत नाही. मला हे आता बोलण्यापुरतं वाटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायांचं खरंच पोट दुखत असतं. पोटात गोळा उठते, छाती भरून येते, डोकं भणभणते, हातापायाला मुंग्या येतात. गोळ्या घेऊन झालेल्या असतात, सोनोग्राफी झालेली असते, अंगारा झालेला असतो. रिपोर्टमध्ये काही निघत नाही, आणि घरचे म्हणतात, "नाटकं करते." नाटक नसतं ते. जे बोलायला जागा मिळाली नाही, ते अंगात जागा शोधतं.

आणि लोक बोलत नाहीत याला कारण आहे. शहरातून आलेले लोक म्हणतात, खेड्यातली माणसं मोकळी. मी त्यांना काय सांगू? आमच्याकडे एका घरात भांडं पडलं की चौथ्या घरात विचारतात काय सांडलं. विहिरीवर सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत पारावर पोचते आणि संध्याकाळी परत येते तेव्हा तिला हातपाय फुटलेले असतात. त्यात नवऱ्याची इज्जत, पोरीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, सगळं एकमेकांत गुंतलेलं. अशा ठिकाणी तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाला मी घुमा म्हणणार नाही. तो त्याचं घर राखतो आहे.

तरी माणसं कुठंतरी बोलतातच. एक म्हातारे बाबा आहेत, ते शेळ्या चारता चारता एका शेळीशी बोलतात, बाकीच्यांशी नाही. एक बाई तुळशीला पाणी घालताना जितका वेळ लावते, तितका वेळ तुळशीला पाणी लागत नाही. आणि माझी माय जात्याशी बोलायची.

आमच्याकडे जातं होतं तोवर ती पहाटे चारला उठून दळायची. ज्वारी तेव्हा घरची असायची, सोयाबीन अजून शेतात शिरलं नव्हतं. दळताना ती जे गायची त्यात तिचा भाऊ असायचा, माहेरची वाट असायची, आणि एक "घरधनी" असायचा ज्याच्याबद्दल ती पुष्कळ काही म्हणायची. दिवसा ती बाबांना नावानं तर सोडाच, "अहो" म्हणूनही हाक मारत नसे. "इकडं" म्हणायची. आणि पहाटे त्याच माणसाबद्दल ओवीमागून ओवी. मी गोधडीत पडून ऐकायचे. खूप उशिरा, मी मोठी झाल्यावर, मला कळलं की बाजूच्या खाटेवर बाबासुद्धा जागेच असत. डोळे मिटून, कूस न बदलता. ती त्यांना सांगत नव्हती आणि ते ऐकत नव्हते, असं दोघांनी न बोलता ठरवून घेतलेलं होतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावागावांतून बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच पाहत बसले होते. एक लाख वेळा कोणीतरी माणसाऐवजी दगडाला सांगितलं. मग गावात पिठाची चक्की आली. मायचे हात सुटले, खांदे दुखायचे थांबले, त्याचा मला आनंदच आहे. पण पहाटे चारचं ते बोलणं कुठं गेलं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

पेरणीच्या दिवसांत बाबा तिफणीवर आणि माय मागं सरत्यावर. सरता दोरीनं तिफणीला बांधलेला. ओटीत तुरीचं बी घेऊन, मूठ सरत्याच्या तोंडावर धरून, एकेक दाणा सोडत ती दिवसभर चालायची. बाबांना मागं पाहता येत नसे, तास वाकडं जातं. मायला वर पाहता येत नसे, दाणा चुकतो. एका दोरीच्या दोन टोकांना दोघं असे सकाळपासून अंधार पडेपर्यंत. त्यांचा संसार आठवला की मला हेच दिसतं.

आमच्या कामात एक फॉर्म आहे, आम्ही त्याला सीबॅक म्हणतो. गावातल्या ३० वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा भरायचा. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कोणाला साखर आहे का. त्यात शेवटाकडे दोन प्रश्न असे आहेत, की गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटत नाही असं किती दिवस झालं, आणि उदास, निराश, हताश किती दिवस वाटलं. उत्तरं चार. मुळीच नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.

पहिल्यांदा मी ते छापल्याप्रमाणे वाचलं. "काका, तुम्हाला उदास, निराश, हताश वाटते का?" काका हसले. म्हणाले, "नाई वं, तसं काई नाई." सगळ्यांचं उत्तर मुळीच नाही. आख्ख्या गल्लीत एकही माणूस उदास नाही. मला माहीत होतं की हे खरं नाही. त्या गल्लीतली दोन घरं तर अशी होती की तिथून रात्री जाताना मी मुद्दाम आवाज देत जायचे.

मग माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे कोणी उदास होतच नाही. उदास हा पुस्तकातला शब्द. आमच्याकडे माणसाला करमत नाही. "करमून नाई रायलं" हे कोणीही कोणालाही सांगू शकतं, त्यात लाज नाही. पोरगी सासरी गेली की मायला करमत नाही, म्हातारी गेली की म्हाताऱ्याला करमत नाही, सुगी संपली की गड्याला करमत नाही. तेव्हापासून मी विचारते, "काका, करमते का?" आणि पहिल्याच दिवशी एका माणसानं, जो एरवी माझ्याशी राशनकार्डापलीकडे बोललेला नव्हता, बिडी विझवली आणि म्हणाला, "कायचं करमते."

गोड का तिखट? झोप लागते का? किती वाजता उघडते? पहिला घास कसा लागतो? टीव्ही पाहता का आता, की नुसता लावून ठेवता? भजनाला जाणं काऊन सोडलं? हे प्रश्न कोणाच्या घरात घुसत नाहीत, उंबऱ्यावर उभं राहून विचारता येतात.

आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा एक प्रकल्प झाला होता. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून घरोघर पाठवलं, त्यांनी विचारपूस केली, धीर दिला, आणि गरज होती त्यांना समुपदेशकाकडे, डॉक्टरकडे नेलं. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट सायकायट्री या नियतकालिकात आले. नैराश्य असलेल्या १०० माणसांमागं आधी जेमतेम ४ जण कुठल्या तरी उपचारापर्यंत पोचत होते. नेमकं सांगायचं तर ४.३ टक्के. प्रकल्पानंतर ते २७.२ टक्के झाले. वर्षभरात जीव द्यायचा विचार मनात येऊन गेला असं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आले. माझ्यासारख्या पाय घासत फिरणाऱ्या बाईला ह्या आकड्यांचं मोल फार आहे. हे होऊ शकतं, आणि इथं झालं आहे, आमच्याच मातीत, आमच्याच बोलीत.

विचारायची रीत तर आमच्याकडे जुनी आहे. गाडगेबाबा आमच्या जिल्ह्यातले, १८७६ साली शेंडगावात जन्मलेले. त्यांचं कीर्तन प्रश्नांचं असायचं. ते विचारायचे आणि समोरचे हजारो लोक उत्तर द्यायचे. माझ्या आजोबांनी ते कीर्तन ऐकलं होतं. आजोबा सांगायचे, बाबा काय बोलले ते इतकं आठवत नाही, आपण काय उत्तर दिलं ते आठवते.

आता माझ्या बाबांचं सांगते. हे लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले.

माय २०१५ मध्ये गेली. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. बाबा माहेरच्या गावात एकटे राहिले. पाच एकर कोरडवाहू आणि बैलजोडी. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी आली. पराटी, म्हणजे कपाशी, हिरवीगार, कंबरेच्या वर, झाडाला बोंडंच बोंडं. बाहेरून काही दिसत नाही. अळी लहान असतानाच आत शिरते आणि तिचं भोक बुजून जातं. काही फुलं नीट उमलतच नाहीत, पाकळ्या मिटलेल्या राहतात, तिला डोमकळी म्हणतात. बाकी खात्री करायची तर हिरवं बोंड तोडून भुईमुगाच्या शेंगेसारखं टिचवून पाहायचं. त्या वर्षी बाबांनी एका धुऱ्यावर बसून वीस बोंडं टिचवली. मी होते तिथं. ते एकेक उघडायचे, आत पाहायचे आणि डाव्या हाताला ठेवायचे. उजवीकडे ठेवायला एकही निघालं नाही. उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चाल, चहा मांड."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी बैल विकले, बांड्या आणि मोऱ्या. त्यावरही काही बोलले नाहीत. भाड्याच्या ट्रॅक्टरनं पेरलं. पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते, बैलाचे खांदे शेकायचे आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. तोरणाखाली बैल उभे राहिले की बाबा झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणायचे, त्यांचा आवाज गावात प्रसिद्ध. त्या वर्षी ते तोरणाकडे गेले नाहीत, असं मला शेजारच्या काकूनं फोनवर सांगितलं. मी बाबांना फोन केला. "काऊन नाई गेले?" "गुडघा दुखते."

मी मानलं. खरं सांगते, मी मानलं. दुसऱ्यांच्या दारात पाच-पाच मिनिटं उभी राहणारी मी, बापाचं एका शब्दात मानलं आणि फोन ठेवला. माझ्याकडे तेव्हा लसीकरणाचं कॅम्प होतं.

कोजागिरीला गेले. बाबा वाळले होते. "कसे हा?" "बरं हाये." "काई होते का?" "काय होते?" दूध आटवलं, भाकरी केल्या. ते ताटावर बसले आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून राहिले. बाहेर गल्लीत पोरी टिपऱ्या वाजवत होत्या, भुलाबाई उठायची रात्र. मला मायचा आवाज आला. हालवून नाई कळत तं इचारा ना वं.

"बाबा, भाकर कशी लागते?"

ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मातीवानी."

"भाजी?"

"थे बी."

"कवापासून?"

"पोयापासून."

"झोप?"

"दोनले उघडते."

"मंग काय करता?"

"गोठ्यात जातो."

"गोठ्यात काय हाये आता?"

त्यांनी तुकडा ताटात ठेवला. हात धुतला. आत गेले आणि कोठीमागून एक गाठोडं घेऊन आले. जुन्या धोतराचं फडकं, त्यात बांड्याच्या गळ्यातली पितळी घंटी. विकताना काढून ठेवलेली. मी हातात घेतली आणि सवयीनं हलवली. वाजली नाही. उलटी करून पाहिलं तर आत कापूस दाबून भरला होता, घरचा, सरकीसकट. लोलक हलूच नये इतका गच्च. बोटानं काढायला गेले तर निघेना.

"इले बंद केलं तरी वाजते," बाबा म्हणाले. "रोज रात्री. गोठ्यातून. मी जातो तं काई नसते. कोणाले सांगू? येड लागलं म्हनतीन."

त्यांना कर्जाची चिंता असेल, एकटेपणाचा त्रास असेल, असं काहीबाही माझ्या मनात होतं. मी शंभर वर्षं अंदाज केला असता तरी मला घंटी सापडली नसती. आणि त्यांना बैल गेल्याचं दुःख जितकं होतं, त्याहून जास्त भीती होती ती आपल्याला वेड लागत असल्याची. दीड महिना ते ही भीती घेऊन एकटे त्या घरात झोपत होते, आणि आठवड्यातून दोनदा फोनवर मला म्हणत होते, बरं हाये.

दवाखान्यात नेलं. तालुक्याहून जिल्ह्याला. डॉक्टर बाई होत्या, तरुण. त्यांनी सगळं ऐकलं, घंटी हातात घेऊन पाहिली, आणि बाबांना म्हणाल्या, "जिवाभावाचं कोणी गेलं की असे आवाज पुष्कळांना येतात, बाबा. याला वेड नाही म्हणत."

बाबा म्हणाले, "पुष्कळांले?"

"हो."

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी मला पुन्हा विचारलं, "थे काय म्हने, पुष्कळांले येते?" गोळ्या सुरू झाल्या, झोप लागू लागली, दिवाळीनंतर भाकरीला चव आली. गोळ्यांनी काम केलं यात शंका नाही. पण त्या बाकावर त्यांचे खांदे खाली आले ते मी पाहिलं, आणि तेव्हा गोळ्यांचं पाकीट उघडलंही नव्हतं.

तो "पुष्कळांले" शब्द मला ओळखीचा होता.

माय लकव्यानं चौदा महिने अंथरुणाला होती, माझ्या सासरी, माझ्या घरात. मी तिचं सगळं केलं आणि मनापासून केलं. पण एका पहाटे, तिची चादर बदलताना, माझ्या मनात आलं, आता सुटली तर बरं. तिच्यासाठी बरं, असं मी लगेच जोडलं. पण पहिल्यांदा आलं तेव्हा ते माझ्यासाठी आलं होतं. मी थकले होते. ती वर माझ्याकडे पाहत होती. तिला बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं, आणि डब्यातलं ओळखणारे तिचे कान मला ठाऊक होते.

त्यानंतर सतरा दिवसांनी ती गेली.

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही. त्या साली सीतादहीची पूजा करून कापसाची वेचणी सुरू झाली. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, दोघी दोन तासांवर, म्हणजे दोन ओळींवर, कमरेला ओटी बांधून. कापूस वेचताना कोणी कोणाकडे पाहत नाही, डोळे बोंडावर आणि दोन्ही हात झाडात. मी बोलून गेले. "ताई, माय जायच्या आधी माह्या मनात आलं होतं का आता सुटली तं बरं."

त्यांचे हात थांबले नाहीत. दोन झाडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "मले बी आलं होतं. मामंजीच्या वक्ताले." मग म्हणाल्या, "तुहं तास मागं रायलं." आणि माझ्या तासातली चार-पाच झाडं त्यांनीच वेचून दिली. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. बोलायची गरजही पडली नाही.

कौंडण्यपूर आमच्याच तालुक्यात, वर्धा नदीच्या काठाला, रुक्मिणीचं माहेर. तिचं लग्न भावानं शिशुपालाशी ठरवलं. राजवाडा भरलेला, माणसं भरलेली, आणि त्यातल्या एकालाही तिनं मनातलं सांगितलं नाही. पत्र लिहिलं आणि ज्याला सांगायचं त्यालाच पाठवलं. आमच्याकडच्या बाया कार्तिकात तिथं दर्शनाला जातात. मला त्या गोष्टीतली तिची निवड आवडते. मनातली प्रत्येक गोष्ट बाहेर यावी असं मी म्हणत नाही. जिचं तिच्यापाशी राहू द्यावं असं पुष्कळ असतं, आणि दारात "काई नाई" म्हणणाऱ्या बाईला मी कधी ओढून बोलतं करत नाही. मात्र जीव नको झाला, असं कोणाच्या बोलण्यात नुसतं डोकावलं तरी मी दारातून हलत नाही. सरळ विचारते, रात्री पुन्हा येते, आणि १४४१६ हा नंबर त्यांच्याच मोबाईलमध्ये टाकून देते. टेली मानस म्हणतात त्याला, मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

बाबा गुरुदेव सेवा मंडळाचे. तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी मोझरीला असते, तिथीनं, कोजागिरीनंतर पाच दिवसांनी. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले. दर वर्षी त्या मिनिटाला तिथं जमलेली लाखो माणसं मौन उभी राहतात. घंटीच्या दुसऱ्या वर्षी बाबा म्हणाले, येतं का माह्या संगं? गेले.

भगव्या टोप्यांचा समुद्र. भजनं, खंजिरी, फेरीवाले, हरवलेल्या लेकरांची माईकवरून नावं. आणि मग एकदम सगळं थांबलं. मी डोळे मिटले होते, ते मध्येच उघडले. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी आयुष्यात पाहिली नव्हती. माझ्या पुढं एक म्हातारी होती, तिचे ओठ हलत होते. एक पोरगा, विशीतला, मुठी आवळून उभा. बाबांचे डोळे बंद होते, हात जोडलेले, नखांत मातीची रेघ. ते काय म्हणत असतील, मला माहीत नाही. मायशी बोलत असतील, बांड्याशी, महाराजांशी. मी नंतरही विचारलं नाही.

परतीच्या एसटीत आम्हाला मागची सीट मिळाली. बाबा खिडकीशी. बाहेर दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, अंधारातही पांढरा दिसत होता. बराच वेळ गेला. मग ते खिडकीतूनच, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सगळ्या गावाले इचारत फिरतं. तुले लागते का वं झोप?"

मी म्हटलं, "लागते ना."

"किती वाजता उघडते?"

तिवसा येईपर्यंत मी काही बोलले नाही. गाडी थांबली, माणसं उतरली, कंडक्टरनं दार ओढून घेतलं. गाडी पुन्हा चालू झाली. मग मी बाबांना सांगायला लागले, त्या पहाटेचं, चादर बदलतानाचं.